पुढच्या सीटवरचा पावना

आमच्या शहापूर-मुरबाड रस्त्यावर धावणाऱ्या जिपेत ड्रायव्हरशेजारी किती माणसं बसावीत, याला ब्रह्मदेवानेही मर्यादा घातलेली नाही. चार तर सहज बसतात. पाचवा ड्रायव्हरच्या उजव्या हाताला घुसतो, आणि मग ड्रायव्हर अर्धा जिपेत आणि अर्धा शहापूर तालुक्यात, अशा अवस्थेत गाडी हाकतो. अशा त्या भरघोस सीटवर आमचे गोमादादा फक्त एकालाच बसवायचे. आणि तो एक म्हणजे कुत्रा.

कुत्रा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे एसटी स्टँडवर वडापावच्या कागदामागे धावणारं काहीतरी येईल. ते पुसून टाका. हा चार पायांवर उभा राहिला की माझ्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी बोलायचा. मागच्या दोन पायांवर उभा राहिला तो जन्मात एकदाच, किन्हवलीच्या नाक्यावर, आणि त्यानंतर तिथल्या विजेच्या तारा चार फूट वर घ्याव्या लागल्या. वायरमन वेगळं कारण सांगतो, पण वायरमन त्या दिवशी रजेवर होता. रंग गव्हाळ, तोंड मात्र कढईत बुडवून काढल्यासारखं काळं, आणि ओठ असे लोंबते की त्यातून सुंभासारखी लाळ गळायची. ती नेमकी गिअरच्या दांड्यावर. त्या दांड्याचा गोळा शाळिग्रामासारखा चकाकत असे.

मी तेव्हा मुरबाडला शाळेत मास्तर, घर शहापूरला. म्हणजे रोज गोमादादांची जीप. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "दादा, हा कुत्रा मागं नाही का बसत?"

जीप थांबली. गोमादादा वळले. "मास्तर, शिकलेले तुमी. कुत्रा म्हनू नका. पावना हाय."

तो पावना कसा, ते ऐका. म्हसा गावाच्या पुढे सिद्धगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुंबईच्या एका शेठने बंगला बांधला होता. नव्वदच्या सुमारास आमच्याकडे असे बंगले पावसाळी छत्र्यांसारखे उगवत होते. त्या बंगल्याच्या फरश्या, नळ, गडी, सगळं गोमादादांच्या जिपेतून गेलं. पुढे एक दिवस शेठने या कुत्र्याला गाडीतून उतरवलं, ग्रेट डेन की काय अशी त्याची जात सांगितली आणि म्हणाला, "गोमा, मी परदेशी चाललोय. पंधरा दिवस सांभाळ. आलो की नेतो." त्याला आता चार वर्षं झाली होती.

दुसरा कोणी असता तर चार दिवसांत त्याचं मोत्या नाव ठेवून गोठ्यात बांधला असता. गोमादादांनी तो शब्द धरून ठेवला. पंधरा दिवसांसाठी आलाय म्हणजे पावना. आणि पावन्याचे म्हणून जे नियम आमच्या गावात आहेत ते सगळे त्याला लागू. बाहेरून आला की ओट्यावर पाय धुवायला पाणी. चारही पायांवर. पहिली भाकरी त्याला. बांधायचं नाही, ओरडायचं नाही, शिळं घालायचं नाही. घरी एकटा ठेवायचा नाही, म्हणून रोज जिपेत. आणि जिपेत अर्थातच पुढे. नावसुद्धा ठेवलं नाही. "नाव ठेवनं मालकाचं काम," म्हणायचे. शेठने जाता जाता काहीतरी इंग्रजी नाव सांगितलं होतं. ते धुरळ्यात विरलं.

गोमादादांची बायको, हिरावैनी, मात्र या पाहुणचाराला विटल्या होत्या. मागच्या बाकावर, भाताच्या गोण्यांत आणि माणसांच्या गुडघ्यांत दाबलेल्या अवस्थेतून त्यांचा आवाज यायचा. "मास्तर, लगीन झालं तवा हे बोलले व्हते, जीप घेतली का तुला पुढं बसवीन. घेतली जीप. बसवला बगा कोनाला!"

"अगो, तू घरातली," गोमादादा आरशात बघून म्हणायचे.

"ह्या घरातलीला एकदा पावनी करा की!"

आमच्या जिपेत सुक्या बोंबलांची पाटी घेऊन एक म्हातारी चढायची. एकदा ती ओरडली, "गोमा! तुजा पावना माज्या पाटीकडं बगतोय रे!"

"बगू दे गो. पावना हाय, मागनार नाय."

मागितलं नाहीच. किन्हवली ते सरळगाव एवढ्या प्रवासात अर्धी पाटी विनामागणी साफ झाली. म्हातारीने जो शिव्यांचा पट्टा सोडला तो सिद्धगडावर आपटून परत आला. गोमादादांनी तिची पाटी भरून दिली, पण पावन्याला एक शब्द बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "भूक लागली आसंल. आपलीच चूक. सकाळी भाकरी कमी पडली."

म्हशाच्या जत्रेतली गोष्ट तर तालुक्याला ठाऊक आहे. बैलबाजाराच्या कडेला जीप उभी, आणि पावना पाय मोकळे करायला खाली. तेवढ्यात घाटावरचा एक दलाल गर्दीतून आला. माणूस जुना, दिवसाला शंभर बैल बघणारा. त्याने पाठीवर थाप मारली, "गोऱ्हा चांगला हाय," म्हणाला, आणि वय बघायला सवयीने जबडा फाकवला. बैलाला वरच्या बाजूला पुढचे दातच नसतात. इथे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, जिकडे बघावं तिकडे दात, आणि मधोमध वीतभर सुळे! दलालाने हात काढला, बोटं मोजली आणि तिथेच बसकण मारली. पावन्याने त्याचं तोंड चाटलं. पुढली दोन वर्षं त्या दलालाने एकाही बैलाचं तोंड उघडलं नाही, वय मालकाला तोंडी विचारायचा असं ऐकतो.

या सगळ्यात गोमादादांचा एक नियम मला फार कोरडा वाटायचा. ते पावन्याला कधी हात लावत नसत. कुरवाळणं नाही, थोपटणं नाही. मी एकदा त्याच्या डोक्यावरून हात फिरवला तर म्हणाले, "नको मास्तर. पावन्याला लय हात लावायचा नसतो. माया लागते. मंग जाताना तरास. त्याला."

दुसरं एक विचित्र होतं, ते म्हणजे गिअर. गोमादादा गिअर सारखे बदलायचे. चढ नाही, खड्डा नाही, समोर चिटपाखरू नाही, आणि तरी यांचा डावा हात खाली. खटक. पुन्हा स्टेअरिंगवर. पुन्हा खाली. खटक. मी एकदा मोजायला घेतलं आणि काळू नदीच्या पुलापर्यंत मला झोप लागली. मुरबाडच्या मिस्त्रीने दोनदा गिअरबॉक्स उतरवला होता. तिसऱ्यांदा उतरवताना तो कावला. "दादा, तुमी गिअर टाकता का ताक घुसळता?"

"गाडी जुनी हाय रे," गोमादादा शांतपणे म्हणाले. "तिला सारखं इचारावं लागतं."

दर रविवारी धंदा बंद. त्या दिवशी पावन्याला बंगल्यावर न्यायचं, शेठ आला का बघायचं, आणि कुलूप असलं की परत यायचं. चार वर्षांत एक रविवार चुकला नाही. एकदा मीही गेलो, मागच्या बाकावर वैनींशेजारी बसून. जाताना म्हसा मागे पडलं तशी जीप हळू होत गेली. बंगल्याच्या अलीकडच्या वळणावर त्यांनी ती उभीच केली आणि समोरच्या काचेवरची नसलेली धूळ पुसत मला म्हणाले, "मास्तर, तुमी जरा पुढं जाऊन बगून या. कुलूप हाय का."

मी जाऊन आलो. "आहे."

"नीट बगितलंत? मोठं कुलूप?"

"नारळाएवढं."

त्या माणसाने असा श्वास सोडला की रस्त्याकडेचं गवत झुकलं. फाटकापाशी पावन्याला घटकाभर बसू दिलं, आणि येताना ते गुणगुणत होते. म्हशाला थांबून आम्हाला भजी खाऊ घातली, वैनींना बांगड्या घ्यायला पाठवलं. वैनी माझ्या कानाशी म्हणाल्या, "दर ऐतवारी आसंच. जाताना मयताला निगाल्यासारखं, येताना वरातीत."

आणि मग एका मंगळवारी मुरबाडच्या एसटीडी बूथवाल्याने जिपेला हात केला. "दादा, मुंबईच्या शेठचा फोन होता. ऐतवारी बंगल्यावर येताहेत. तुमाला बोलावलंय."

गोमादादांनी मान डोलावली, चौथा गिअर टाकून गाडी सुरू करायला गेले आणि ती बंद पाडली.

त्या आठवड्यात जिपेत कोणी मोठ्याने बोललं नाही. बोंबीलवाली म्हातारीसुद्धा पाटी स्वतःच पुढे सरकवायची. "खा मेल्या, आता कुटं मिळनार तुला मुंबयला."

शनिवारी पावन्याला काळू नदीवर लांबूनच बादल्या ओतून आंघोळ घातली. रविवारी सकाळी मी गोमादादांच्या घरी पोचलो, तेव्हा ओट्यावर पाट मांडलेला होता. आमच्याकडे पावन्याला रिकामा धाडत नाहीत. टॉवेल, टोपी आणि नारळ द्यायचाच. गोमादादांनी कोरा टॉवेल पावन्याच्या गळ्यात घातला. टोपी डोक्यावर ठेवली. दोन मोठ्या कानांच्या मध्ये ती होडीसारखी डुलत राहिली. नारळ पुढ्यात ठेवला. चार वर्षं कुरकुरलेल्या हिरावैनींनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, फडक्यात भाकऱ्या बांधल्या आणि म्हणाल्या, "पुन्यांदा या." मग पदर तोंडाला लावून मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

मी हसायला तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं.

रस्ताभर खटक, खटक, खटक. गिअरबॉक्स आज म्हशालाच सुटून पडणार, असं मला वाटत होतं.

बंगल्याचं फाटक सताड उघडं होतं. शेठ होता, आणि बरोबर बंगला बघायला आलेलं एक गिऱ्हाईक. गोमादादांनी पावन्याला उतरवलं, टोपी सरळ केली आणि पाठ केलेलं भाषण सुरू केलं. "शेठ, पंधरा दिवस बोलला व्हतात. जसा दिलात तसा आनलाय. एक दिस उपाशी ठेवला नाय, एक दिस बांधला नाय..."

"अरे!" शेठ म्हणाला. "हा अजून आहे?"



"रॉकी, रॉकी!" शेठने दोन बोटांनी चुटकी वाजवली. पावना जांभई देऊन फाटकाच्या खांबाकडे बघत राहिला. "विसरला वाटतं. बरं, गोमा, मी बोलावलं ते किल्लीसाठी. मागच्या दाराची एक तुझ्याकडे आहे ना? आणि याला ठेव तूच. मुंबईला फ्लॅटमध्ये कुठे ठेवणार?"

मला वाटलं, आता हा माणूस आनंदाने नाचेल. पण गोमादादांचा चेहरा लाल झाला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना तापलेलं बघितलं.

"शेठ, दर ऐतवारी आनला त्याला हितं. चार वर्सं. ह्या फाटकापाशी बसायचा तो. तुमी आसं... आसं तोंडावर बोलायचं व्हय त्याच्या?"

शेठ काहीतरी पुटपुटला. गोमादादांनी जिपेच्या जुडग्यातली ती किल्ली काढून कट्ट्यावर ठेवली, पावन्याच्या डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली आणि हाक मारली, "चला पावनं." दोन्ही कान उभे राहिले, आणि ते धूड एका उडीत पुढच्या सीटवर.

परत निघालो. म्हसा आलं, भज्यांचा वास आला, जीप थांबली नाही. सिद्धगडाच्या बाजूने ऊन उतरत होतं. दुसऱ्या गिअरमध्ये इंजीन जात्यासारखं घरघरत होतं. मागून आलेली एक बैलगाडी आम्हाला घंटा वाजवून पुढे गेली. बैलांनी मागे वळून बघितलं, शपथेवर सांगतो.

वैनींनी मागून बोलून बघितलं. "आता तो पावना नाय ना? घरातला झाला. मंग बसवा मागं!"



सरळगावचा मोकळा रस्ता आला तरी इंजीन तेच, दुसऱ्यात. एकही खटक नाही. चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं. गिअर अडकला असणार, असं समजून सांगायला मी पुढे वाकलो.

गिअरला काहीही झालं नव्हतं. दांडा आपल्या जागी मोकळा होता. गोमादादांचा डावा हात त्याच्यावर चार बोटं वर होता, पावन्याच्या जबड्याखाली. रोज खाली-वर जाताना तो जिथून घासून जायचा, तिथेच आज थांबला होता. कोपरापर्यंत लाळेने भिजला होता. पावन्याने डोळे मिटून आपलं सगळं वजन त्या पंजावर टाकलं होतं, आणि गोमादादा एका हाताने, समोर बघत, गाडी हाकत होते.

माझ्या दंडाला वैनींनी हळूच धरून मागे ओढलं.

"बसा मास्तर," त्या म्हणाल्या. "जाऊ की सावकाश. कुनाला घाई हाय?"