गाळलेला आवाज

स्टेजची भीतीबिती आपल्याला नाही, हे आधीच सांगून ठेवते! संशोधन परिषद माझी पहिलीच, पण माझं सॉफ्टवेअर बघून लोकांनी तोंडात बोटं घालावीत, अशी माझी तयारी. मागे पंखा घरघरू दे, खुर्च्या सरकू देत, कुणी खोकू दे. सगळा गोंगाट गाळून स्पीकरमधून नुसतं माणसाचं बोलणं येणार! हे नीट पार पडलं की सर माझ्या प्रबंधावर सही करणार होते. त्या एका सहीसाठी माझे केस पिकायला लागलेत हो!

आधी मी बोलले. मैत्रिणीने शेजारी चटणी वाटायचा मिक्सर लावला. तरी माझा आवाज कसा स्वच्छ! टाळ्या! मला आभाळ ठेंगणं झालं.

"आता माझे मार्गदर्शक दोन शब्द बोलतील," मी तोऱ्यात म्हटलं.

सरांनी माइक धरला, तोंड उघडलं.

स्पीकर गप्प!

सर ओरडले. तरी गप्प! शेजारच्या अध्यक्षबाई त्याच माइकमध्ये वाकून म्हणाल्या, "सर, जरा मोठ्याने!" तर ते शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत! माझ्या पायाखालची जमीनच सरकली. वर पडद्यावर हातभर अक्षरं: 'गोंगाट यशस्वीपणे गाळला.'

अगं आई गं!

"बाळ," अध्यक्षबाईंनी विचारलं, "गोंगाट म्हणजे काय, हे याला शिकवलंस कसं?"

"लॅबमध्ये माइक ठेवून दिवसभर रेकॉर्ड केलं, त्यात पंखा, प्रिंटर आणि..."

आणि माझी नजर सरांकडे गेली. लॅबमध्ये दिवसभर आणखी काय चालू असतं? सर! अखंड! आणि मी तेही गोंगाटातच जमा केलं होतं!

सगळं सभागृह खो खो हसत सुटलं. सर लालबुंद होऊन खाली उतरले. मी मागोमाग धावले.

"सर, चुकलं माझं! पण ती सही..."

"सही? आधी सगळं रेकॉर्डिंग नव्याने! आणि त्यात माझा एक शब्द आलेला चालणार नाही!"

"हो सर! नक्की सर!" माझ्या जिवात जीव आला.

"आणि हे बघ, तुझ्यावर आता काडीचा भरवसा नाही. मी स्वतः शेजारी बसणार, आणि चुकलीस की तिथल्या तिथे सांगणार!"

सोमवारपासून रेकॉर्डिंग सुरू आहे. सर शेजारी बसलेत, आणि अर्थातच सांगताहेत. त्यांना 'जरा गप्प बसा' म्हणायची माझी काही छाती नाही. तुम्ही येता का?