लेखी द्या

वरच्या खोलीतल्या टेलरबाईंना घराबाहेर काढायचे, हे घरमालक वकिलांनी ठरवले ते दातांपायी. कोपऱ्यावरच्या दंतवैद्याला दवाखान्यासाठी ती खोली हवी होती आणि बदल्यात त्याने फुकट कवळी कबूल केली होती. एकीकडे अठरा वर्षे वेळेवर भाडे देणारी एकटी बाई, दुसरीकडे बत्तीस दात. वकिलांनी फार वेळ विचार केला नाही.

वकील हे त्यांचे गल्लीने ठेवलेले नाव. प्रत्यक्षात त्यांनी तीस वर्षे एका वकिलाच्या कचेरीत फायलींना दोरे बांधले होते. त्या दोऱ्यांतून कायदा आपल्या अंगात उतरला, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. टेलरबाई छत गळते म्हणून सांगायला आल्या की ते पेपरातून मान वर न करता म्हणत, "लेखी द्या." टेलरबाईंनी लेखी दिले. एकदा नव्हे, अकरा वेळा. छतही नेमाने गळत राहिले.

"पण त्यांना काढता येईल का?" बायकोने विचारले. "भाडं वेळेवर देणाऱ्याला असं उठवता येत नाही म्हणतात."

"मालकाला स्वतःला राहायला जागा हवी असेल तर येतं. नियम चार. हवी आहे म्हणून लिहायचं, मग कोण बघायला येतंय? तुला काय कळतंय त्यातलं, तू भाजी चीर."

नुसते 'हवी आहे' लिहून त्यांचे समाधान होईना. कारण भक्कम पाहिजे. म्हणून त्यांनी ठेवणीतल्या अक्षरात लिहिले, 'तळमजल्यावर पत्नीच्या अखंड बडबडीमुळे अर्जदाराच्या प्रकृतीवर परिणाम झाला असून त्यास स्वतंत्र निवासाची तातडीची निकड आहे.' घरभाडे कार्यालयात अर्जावर शिक्का बसला. अशा अर्जाची प्रत घराच्या दारावर पंधरा दिवस चिकटवतात, एवढे मात्र दोरे बांधताना त्यांच्या नजरेतून सुटले होते.

टेलरबाईंनी तो कागद वाचला आणि त्या जिन्यावरच बसल्या. "माझी सगळी गिऱ्हाइकं याच जिन्यानं येतात हो," त्या म्हणाल्या. "या वयात दुसरीकडे मशिन मांडून बसले तर मला कोण ओळखणार?" बायकोने चष्मा लावून कागद दोनदा वाचला. त्या दिवशी ती एक शब्द बोलली नाही. अर्ज मंजूर होण्याआधीच शांतता सुरू झाली, याचे वकिलांना बरे वाटले. दुसरा कोणी असता तर घाबरला असता.

सोळाव्या दिवशी कार्यालयाच्या तपासनीसबाई वही घेऊन आल्या. "भाडेकरूची काही हरकत?"

टेलरबाई उठून उभ्या राहिल्या, तेवढ्यात बायको म्हणाली, "आधी माझं लिहून घ्या. अर्जातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. यांना स्वतंत्र राहायची फार निकड आहे."

लग्नानंतर प्रथमच बायको चारचौघांत त्यांच्या बाजूने बोलत होती. "बघा," वकील अभिमानाने म्हणाले.

"ठीक. म्हणजे तुम्ही वर राहणार. दोन वर्षं. मी दर महिन्याला येऊन बघणार. तुमच्याऐवजी दुसरं कोणी सापडलं तर दंड." तपासनीसबाईंनी पान उलटले. "आणि खाली तुम्ही कुठल्या खोलीत असता?"

"पुढच्या. खिडकीच्या."

"ती रिकामी होईल. उठवलेल्या भाडेकरूचा त्याच घरातल्या रिकाम्या जागेवर पहिला हक्क, आहे त्याच भाड्यात. नियम चार, पोटनियम दोन."

"पोटनियम? तो कुठे होता?"

"पानाच्या मागे."

वकील घाईने म्हणाले, "मग मी अर्ज मागे घेतो."

"घ्या की. फक्त मजकूर खोटा होता असं लेखी द्या. मग खोट्या अर्जाचं कलम बघू."

वकिलांनी बायकोकडे पाहिले. बायको टेलरबाईंना सांगत होती, "मशिन खिडकीशी लावा. उजेड छान येतो."

मशिन खाली आले, खाट वर गेली. दंतवैद्याने कवळीचा विषयच काढणे बंद केले. तिसऱ्या दिवशी दुपारी एक सर आली आणि वकील ओली उशी बगलेत मारून जिना उतरले. खिडकीपाशी दोघी चहा पीत बसल्या होत्या. बायकोच्या अंगात नवा ब्लाउज होता.

"छत गळतंय," वकील म्हणाले.

टेलरबाईंनी कप खाली ठेवला. "लेखी द्यावं लागतं, वकीलसाहेब. नव्यानं लिहीत बसू नका. माझ्या अकराही अर्जांच्या प्रती वर कोनाड्यात ठेवल्यात."

वकील वर गेले. कोनाड्यातला पहिला कागद त्यांनी काढून वाचला. कुठला कोपरा, किती भांडी लावावी लागतात, पोपडे कुठे निघालेत, सगळे बरोबर होते. एका अक्षराचा फरक करण्याची गरज नव्हती. त्यांनी खालची सही खोडून आपली केली, तारीख बदलली, आणि अर्ज द्यायचा कोणाला हे बघायला वरची ओळ वाचली. तिथेही त्यांचेच नाव होते.