मिक्सरची ओटी

ही गोष्ट कुणालाही सांगायची नाही, अशी पप्पांनी मला शपथ घातली आहे. तोंडानं मी तसंही कुणाला काही सांगत नाही. दहावीत आले तरी हजेरीला ‘हजर’ म्हणायच्या आधी मला दोनदा घसा खाकरावा लागतो. म्हणून लिहिते आहे. लिहायचं नाही, असं पप्पा म्हणाले नव्हते.

माझे पप्पा योगीराज स्लॅबची कामं घेतात. सिमेंट-खडी कालवणारं मिक्सर मशीन पिकअपच्या मागं जोडायचं आणि ज्याच्या घराचा स्लॅब असेल तिथं न्यायचं. आमची जुनी पिकअप सोळा वर्षांची होती. ती मिक्सर ओढायची, पण उपकार केल्यासारखी. चढ आला की थांबायची, मग मी खाली उतरून चाकामागं दगड लावायचा. इतर मुलींच्या लहानपणीच्या आठवणींत बाहुल्या असतात. माझ्या आठवणींत दगड आहेत.

यंदा सास्तूरच्या महालिंगप्पांनी घराचं काम दिलं. घटस्थापनेचा दिवस, अकराच्या ठोक्याला पहिलं घमेलं पडलं पाहिजे. त्यांच्या भावाच्या स्लॅबला पप्पा तीन तास उशिरा पोचले होते. या वेळी तसं झालं तर हा स्लॅब, वरचा मजला आणि दुकानाचे गाळे, सगळं रेवणसिद्धला देईन, असं त्यांनी फोनवर शांतपणे सांगितलं. (रेवणसिद्ध हा पप्पांचा पहिलीपासूनचा मित्र. त्याच्याकडेही मिक्सर आहे, त्यामुळं आता शत्रू.)

पप्पांनी त्याच आठवड्यात जुनी पिकअप शोरूमला देऊन नवी आणली. कशासाठी, तर वेळेवर पोचण्यासाठी. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं, कारण पप्पांच्या ते लक्षात राहिलं नाही.

नवी गाडी दारात आली आणि पप्पा बदलले. सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाही. दार ढकलायचं नाही, मिटायचं. शोरूमचा माणूस म्हणाला होता, पहिले हजार किलोमीटर जरा दमानं चालवा. पप्पांनी दमानं म्हणजे ताशी वीस असं ठरवलं. जुनी गाडी चढावरसुद्धा याहून जोरात जायची, असं आई म्हणाली. पप्पांना ते ऐकू आलं नाही.

मग पप्पांचं लक्ष मिक्सरकडं गेलं. त्याच्या अंगावर दहा वर्षांचं वाळलेलं सिमेंट होतं. त्याचे खपले उडून नव्या रंगावर चरे पडतील, अशी भीती पप्पांना वाटली. ताडपत्री फाटकी होती. आईनं आतून एक हिरवीगार, मोठ्या काठाची साडी आणली. आत्यानं सहा वर्षांपूर्वी दिलेली.

“ही घ्या,” आई म्हणाली. “न्हायतर कवा कामाला येणार हाय?”

तिच्या आवाजात दुःख मुळीच नव्हतं.

घटस्थापनेला पहाटे आम्ही निघालो. आधी तुळजापूरला गाडीची पूजा, मग तिथूनच सास्तूर, म्हणजे एका डिझेलमध्ये दोन कामं. गर्दीमुळं गाडी गावाबाहेरच लावावी लागली. पुजारीकाकांनी तिथं येऊन नारळ फोडला, झेंडूचा लांबलचक हार घातला. एक हार उरला, तो पप्पांनी मिक्सरला घातला. “तिलाबी काम करायचंच हाय की,” ते म्हणाले.

साडी वाऱ्यानं उडू नये म्हणून पप्पांनी मला मागं हौद्यात बसवलं, एका हातात साडीचा पदर आणि दुसऱ्या हातात पूजेचं हळद-कुंकवाचं ताट. ताट पुढं ठेवलं असतं तर सीटवर कुंकू सांडलं असतं. माझ्यावर सांडलेलं चालत होतं.

आता बघा. दिवस घटस्थापनेचा. रस्ता तुळजापूरकडून येणारा. हार घातलेली नवी गाडी, वेग वीसचा, मागं हिरव्या साडीत झाकलेलं पुरुषभर उंचीचं काहीतरी, आणि समोर ताट घेऊन मान खाली घालून बसलेली मुलगी. मंडळाच्या देवीचं तोंड घट बसेपर्यंत झाकलेलंच असतं, हे आमच्याकडं लहान मुलालाही माहीत आहे.

पहिल्याच गावात बायका पाण्याच्या कळशा घेऊन रस्त्यात उभ्या होत्या. त्या दुसऱ्याच कुणाची तरी वाट बघत असाव्यात. पण आधी आम्ही आलो. पप्पांना काही कळायच्या आत मिक्सरच्या चाकांवर पाणी पडलं. पुढं एक म्हातारी होती, सगळ्या तिला धुरपताबाई म्हणत होत्या.

“कुठल्या गावची म्हणायची देवी?” तिनं विचारलं.

पप्पांना वाटलं, गाडी कुठं चालली असं विचारतायत. ते म्हणाले, “सास्तूर.”

झालं. आरती सुरू झाली. पप्पांना चूक कळली तेव्हा चाळीस बायका मिक्सरच्या पाया पडून झाल्या होत्या. अशा वेळी खरं सांगायला जी हिंमत लागते, ती आमच्या घराण्यात नाही. ते माझ्याकडं बघायला लागले. मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागले.

धुरपताबाई ओटी भरायला पुढं झाली. तिनं साडी जराशी बाजूला केली आणि नारळ, खण, तांदूळ घेतलेला हात आत घातला. तो थेट ड्रममध्ये गेला. ती थांबली. हात तसाच आत ठेवून तिनं माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ. मग हात बाहेर काढून पदराला पुसला.

“देवी लई गार हाय,” ती म्हणाली. “फुडं व्हा गं, भरा वट्या.”

अशी सात गावं झाली. तिसऱ्या गावापासून पप्पाच मुखदर्शन कसं मिळणार नाही ते समजावून सांगायला लागले होते, आणि त्यांचं ते ऐकून मलाही पटायला लागलं होतं. मी न बोलता कुंकू लावत होते. एका आजोबांनी मला ‘लई शांत मुलगी’ म्हटलं. घाबरलेल्या माणसाला लोक शांतच म्हणतात.

सास्तूरला पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. रेवणसिद्धचा मिक्सर येऊन उभा होता, त्याच्या जुन्या ट्रॅक्टरमागं. महालिंगप्पा खुर्चीवर बसले होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

“योगीराज,” ते म्हणाले, “आता काय कारण?”

पप्पांनी सकाळपासून एवढं खोटं बोलून टाकलं होतं की त्यांच्याकडचं संपलं असावं.

“वाटंत सात ठिकाणी ओटी भरली,” ते म्हणाले.

“कुणाची?”

“मिक्सरची.”

रेवणसिद्ध हसायला लागला. तेवढ्यात महालिंगप्पांच्या बायको, गिरिजाबाई, बाहेर आल्या. त्यांनी साडी पाहिली, हार पाहिला, ओली चाकं पाहिली.

“मग आपलीच तेवढी राहिली म्हणा की,” त्या म्हणाल्या आणि नारळ आणायला आत गेल्या. ओटी भरल्यावर त्या नवऱ्याकडं वळल्या. “घटस्थापनेला दारात आलेली परत धाडणार हाव का?”

महालिंगप्पा खुर्चीवरून उठले. काम पप्पांना मिळालं. आतली ओटी काढायला मला ड्रममध्ये कमरेपर्यंत शिरावं लागलं. रेवणसिद्धनं माझ्या बाहेर राहिलेल्या पायांचा फोटो काढला आणि तो आमच्या शाळेपर्यंत पोचला, हे जाता जाता सांगते.

खरी गोष्ट काल घडली. धुरपताबाईचा फोन आला. तिच्या नातवाच्या घराचा स्लॅब आहे, मिक्सरच्या पाटीवरचा पप्पांचा फोन नंबर तिनं त्याच दिवशी लिहून घेतला होता. पप्पांनी घाबरून फोन स्पीकरवर टाकला.

“मिक्सर चांगला हाय तुमचा,” ती म्हणाली. “हाताला सिमेंट लागलं तवाच कळलं.”

पप्पांनी कसंबसं विचारलं, मग तेव्हा बोलला का नाही?

“माझी सून पाया पडली व्हती. सतरा वर्सांत ती कुणाफुडं वाकलेली म्या पयल्यांदा बघितली. आता कसं सांगायचं तिला? तवा साडी गुंडाळूनच आना. आन ती पोरगी पायजे. तिच्याकडं बघून कुणाला सौशय येत न्हाय.”

म्हणून आज पुन्हा निघायचं आहे. उद्या विज्ञानाचा पेपर आहे, हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही, म्हणजे दोनदा घसा खाकरला होता. खाली गाडी सुरू झाली आहे. पप्पा हाका मारतायत.

“राजी, ताट घे. आन तोंड तसंच कर, त्या दिवशीसारखं.”

माझं तोंड मुळातच तसं आहे, हे मात्र मी आज पप्पांना खाली जाऊन अगदी स्पष्ट शब्दांत सांगणार आहे. एकदा घसा खाकरून झाला आहे.