श्वास धरा, तारा बोलतोय

सकाळचे सव्वाअकरा. डोक्यावर लख्ख ऊन. मी इनास अंकलच्या बागेत राजेळी केळी घ्यायला आलेलो, आणि अंकल निळ्या आभाळाकडे बोट रोखून मला हुकूम सोडतात, "श्वास धरा!"

मी धरतो. सुटलेल्या पोटाच्या माणसाला हे वाटतं तितकं सोपं नसतं.

पाच सेकंद. दहा सेकंद. मग "सोडा!" अशी आरोळी येते की शेजारच्या वाडीतल्या कोंबड्या उडतात.

"बोलला," अंकल समाधानाने म्हणतात.

बोलला तो एक तारा. दिसत नाही, कारण भरदुपार व्हायला आलेली. ऐकूही येत नाही, कारण अंकलकडे यंत्र म्हणाल तर मनगटावरचं घड्याळ. मोठमोठ्या रेडिओ दुर्बिणींना तेवढा ऐकू जातो. पण तो आहे. निळसर, आपल्या सूर्याहून कितीतरी तापलेला, आणि अंगात जबरदस्त चुंबक बाळगून असलेला. तो चुंबक तिरका बसलाय. त्यामुळे तारा गिरकी घेतो तेव्हा त्याच्या रेडिओलहरींचा झोत दीपगृहाच्या दिव्यासारखा फिरतो आणि ठरल्या वेळी आपल्या अंगावरून जातो. उन्हातसुद्धा! अंकलनी गणित मांडून या वेळा कॅलेंडरवर निळ्या पेनाने लिहून ठेवल्यात. त्यांना ते 'पाळी' म्हणतात, कारण सगळी नोकरी दिवसपाळी-रातपाळीतच गेली. वसईतल्या एका दवाखान्यात ते एक्स-रे काढायचे.

"जन्मभर मी बटण दाबलं," ते म्हणतात. "तिकडे बटण नाही, मशीन नाही. ताऱ्याचाच वारा दोन्ही टोकांकडून चुंबकाच्या वाटेने येतो, मध्यावर समोरासमोर धडकतो, तापतो, आणि एक्स-रे सुटतात. वीजबिल नाही, काय नाही!"

"मग ते आपल्याला बाधत नाहीत?" मी केळ्यांचा घड छातीशी धरला.

"हवा आहे ना वर! देवाने अख्ख्या पृथ्वीला शिशाचा एप्रन घातलाय. रेडिओ तेवढा आत सोडतो."

मी वर बघतच राहिलो. पन्नास वर्षं या आभाळाखाली मी फक्त कपडे वाळतील की नाही एवढंच पाहिलं होतं.

पुढे अंकलना खोकला लागला. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे सांगितला. महिना उलटला तरी अंकल जाईनात. सोमवारी पाळी आहे. गुरुवारी पाळी आहे. खोकला बागेशेजारच्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायला लागला तेव्हा बायकोने मला फर्मावलं, "तुम्हाला नाहीतरी काय काम असतं? उद्या त्यांना घेऊन जा."

रिक्षात अंकल सारखे घड्याळ बघत होते. दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर एकदम म्हणाले, "आमच्या रोझीचा एक्स-रे मीच काढला होता. इथंच. म्हटलं, श्वास धर. स्क्रीनवर फोटो आला नि मी बघतच राहिलो. डॉक्टरच्या आधी मला कळलं. 'सोड' म्हणायचं विसरलो हो मी. ती आपली उभीच, गाल फुगवून. शेवटी तिनेच विचारलं, 'ओ, सोडू का?'"

अंकलच्या बायकोला, रोझी आंटीला, जाऊन सहा वर्षं झाली. मला 'सोडा!'च्या आरोळीने उडालेल्या त्या कोंबड्या आठवल्या.

तेवढ्यात आतून हाक आली. मशीनवरची मुलगी अंकलच्याच हाताखाली तयार झालेली. मी त्यांचा शर्ट धरून दारात थांबलो.

"सर, श्वास धरा." टक्. "सोडा."

तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "आता तुम्हीच बघा सर. तुमच्यापुढे मी काय सांगू?"

अंकलनी चष्मा लावला. भिंतीवरच्या घड्याळात अकरा चाळीस. आजही पाळी होती, सकाळी त्यांनीच वेळ सांगितली होती. म्हणजे या घटकेला तो झोत छप्पर ओलांडून आत आला असेल आणि आमच्या तिघांवरून सरकत असेल, कुणाला न दिसता. अंकल बघत होते. एकेक बरगडी. मी शर्ट मुठीत आवळून, श्वास धरून उभा.

शेवटची बरगडी बघून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

मग माझ्याकडे न वळताच ते हलक्या आवाजात म्हणाले, "सोडा."