अर्ज पाडणाऱ्या तांडेलबाई

आमच्या डहाणूच्या कॉलेजातल्या तांडेलबाई कुठलाही अर्ज तपासायला घेतला की नावाच्या जागी आधी 'बोंबील' लिहायच्या. जन्मतारीख उद्याची. मोबाइल नंबराच्या जागी 'नाही'.

२०१६ साली प्रवेशाचे अर्ज संगणकावर भरून घ्यायचं ठरलं. प्रोग्रॅम लिहिणारा मी, कॉम्प्युटर लॅबचा सहायक. तपासणार होत्या ऑफिसातल्या तांडेलबाई. माझ्याच मशीनवर मी छोटा सर्व्हर चालवत होतो. बाहेर कुणाला काही दिसत नव्हतं; चुका करायच्या त्या आमच्या आमच्यात. दोन दिवसांचं काम, असं मी प्राचार्यांना सांगून बसलो होतो.

बाईंनी तीन आठवडे घेतले.

"विनायक, पडला रे तुझा अर्ज!" लॅबभर ऐकू जायचं. मी धावत जायचो, तर प्रोग्रॅम बंद पडलेला आणि बाईंनी गावाच्या रकान्यात अख्खा पत्ता कोंबलेला, तोही अर्धा गुजरातीत.

"असं कोण भरतं, बाई?"

"कैनाड गावची पोरं भरतील. तू दुरुस्त कर."

मी दुरुस्त करायचो, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचो. पुढे पुढे तेही बाई शिकल्या. मग तर माझा डबा उघडायच्या आत दुसरी हाक. प्राचार्य रोज विचारायचे, मी रोज बाईंकडे बोट दाखवायचो.

शेवटी एकच तक्रार उरली. वडिलांचं नाव रिकामं ठेवलं की अर्ज पुढे जात नव्हता.

"जाणारच नाही," मी वैतागून म्हणालो. "ते सक्तीचं आहे. वडील काय कुणाला नसतात?"

बाई नेहमीसारख्या ओरडल्या नाहीत. "माझ्या शाळेच्या दाखल्यावर आईचंच नाव आहे," म्हणाल्या. "मासळीची पाटी बाहेर ठेवून ती मला घेऊन आली होती. नवऱ्याचं नाव सांग, म्हणून क्लार्कने सगळ्यांदेखत तीनदा विचारलं. त्यानंतर आई माझ्या शाळेत कधी आलीच नाही."

मी सक्ती काढून टाकली. प्राचार्यांशी बाईच भांडल्या.

प्रवेशाच्या दिवशी वेवजी गावची एक मुलगी तो रकाना रिकामा सोडून थांबली, आमच्याकडे बघू लागली. "जा पुढे," बाई म्हणाल्या. तिने बटण दाबलं, पावती निघाली. तिची आई मात्र दाराबाहेरच, भिंतीला चिकटून उभी होती.

बाई उठून तिच्यापाशी गेल्या. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलता येतं, हे मला माहीत नव्हतं.

"आत या ना, ताई. कोणी काही विचारणार नाही."