धुतलेल्या गोळ्या

पगारेंच्या घरात टिटॅनियम डायऑक्साइडचा कणसुद्धा शिरणार नाही, अशी घोषणा निवृत्तीरावांनी चहाच्या वेळी केली, तेव्हा लताबाई नुसतं ‘बरं’ म्हणाल्या. निवृत्तीराव रिटायर झाल्यापासून त्या एवढंच म्हणत.

पदार्थ पांढराशुभ्र दिसावा म्हणून ही पूड वापरतात. युरोपात ती खाण्यात घालायला बंदी, आपल्याकडे काही पदार्थांत ठरावीक प्रमाणात चालते, आणि पोटात जाऊन ती नेमकं काय करते यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. निवृत्तीरावांचं मात्र स्वतःशी पूर्ण एकमत झालं होतं. टूथपेस्ट गेली. लेकीची, चैतालीची पावडर आणि क्रीम गेलं. पाठोपाठ चैतालीही गेली, रागाने मावशीकडे.

मग लेबलं वाचायच्या भिंगाखाली सापडली लताबाईंच्या ताकदीच्या गोळ्यांची बाटली. तिच्यावरही तेच नाव! महागाच्या गोळ्या फेकवेनात. निवृत्तीरावांनी त्या चाळणीत घेतल्या आणि मटकी धुवावी तशा नळाखाली खळखळून धुतल्या. पांढरं कवच गेलं खरं, पण गोळ्यांचाही भुगा झाला. उरलेले पिवळट-तपकिरी तुकडे त्यांनी वाटीत घालून ओट्यावर वाळत ठेवले आणि बायकोला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी नांदगावहून भिकनराव अहिरे आपल्या मयूरला घेऊन आले. मुलामुलीची पसंती झालेली, चैतालीही मावशीकडून परतलेली. आता फक्त मोठ्यांचा शब्द बाकी होता. इतकी स्थळं हातची गेली होती की लताबाई सकाळपासून जीव मुठीत धरून होत्या.

जय भीम झालं, जेवणं झाली. दुकानातली साखरेची पांढरी बडीशेप निवृत्तीरावांनी आधीच बाद केली होती. ते स्वतः ओट्यावरून आवळासुपारीची वाटी घेऊन आले. भिकनरावांनी चिमूटभर तोंडात टाकली आणि त्यांचा चेहरा कारलं चावल्यासारखा झाला. पण होणाऱ्या व्याह्याच्या घरी थुंकणार कसं? त्यांनी गिळली.

“घ्या की अजून, घरचीच आहे,” निवृत्तीरावांनी आग्रह केला. भल्या माणसाने पुन्हा घेतली.

तेवढ्यात लताबाई आतून दुसरी वाटी घेऊन आल्या. “अहो, आवळासुपारी आतच राहिली. तुम्ही काय दिलंत त्यांना?”

 निवृत्तीरावांनी खालमानेने चाळणीपासून सगळं सांगितलं. मयूर ताडकन उठला, चैतालीने तोंड ओढणीत लपवलं, आणि लताबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा विष बरं वाटावं.

चैतालीने घाईने डॉक्टरांना फोन लावला. ते आधी पोटभर हसले. व्हिटॅमिनच्या गोळ्या आहेत, एवढ्याने काही होत नाही. लघवी पिवळी होईल, घाबरू नका, म्हणाले. सगळ्यांनी इतक्या जोरात सुटकेचा श्वास सोडला की कॅलेंडर हललं.

 पाण्याचा तांब्या रिकामा करून भिकनराव म्हणाले, “पोरगी आमाला पसंत हाय. पन आमची येक अट हाय.”

अट म्हटल्यावर मुलीच्या बापाच्या पोटात जे होतं, ते टिटॅनियमनेही होत नाही. निवृत्तीरावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

“लग्नाच्या दिवशी तुमी सैपाकाकडं फिरकायचं नाय.”

निवृत्तीराव काही बोलणार, तोच लताबाई म्हणाल्या, “लेखी देते.”