दहाच्या आधीचे दहा

व्हर्लिन कुचेरा बाईंच्या बेकरीच्या विहिरीचे पाणी विषारी असल्याचे मी मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी नियमानुसार सिद्ध केले. नेब्रास्कातल्या आमच्या पाणीतपासणी कार्यालयात एवढ्या लवकर सहसा काही सिद्ध होत नाही.

दहाला बाई हजर. शनिवारी गावची जत्रा, आठशे कोलाच्यांची, म्हणजे सारण भरलेल्या गोड पावांची, ऑर्डर आणि भट्टीच्या दाराला आमचे सील!

"डेल, डोळे फुटले का रे तुझे? प्रयोगशाळेनं लिटरमागे चार मायक्रोग्रॅम आर्सेनिक लिहिलंय. मर्यादा दहाची आहे!"

"बाई, आमच्या संगणकाला मायक्रो चालत नाही, ग्रॅम लागतात. म्हणून चार, गुणिले, दहा, मग E, मग उणे सहा. उत्तर चाळीस मायक्रोग्रॅम."

"मेल्या, E म्हणजेच 'गुणिले दहाचा घात', दहा त्यातच असतो! वर आणखी एक दहा दाबलास तर दहापट होणारच. आठवीतल्या माझ्या नातीलाही कळतं."

"नातीवर कार्यपुस्तिकेचं बंधन नाही. माझ्यावर आहे. पान चौदा."

बाई खमकी. तिने आमच्याच नळाचे पाणी तपासायचा अर्ज दिला. प्रयोगशाळेचे सहा, पान चौदाप्रमाणे साठ. म्हणजे कार्यालयालाच सील, आणि कॉफीचे यंत्र आत. कार्यालयप्रमुख पोस्पिशिल साहेबांचा चेहरा उतरला.

"पुस्तिका बदलायला राजधानीची मंजुरी लागते, दोन वर्षं," साहेब म्हणाले. "मर्यादेचा रकाना मात्र आपणच भरतो. तोही पान चौदाप्रमाणे भर."

भरला. दहाचे शंभर झाले. शुक्रवारी सील निघाले आणि बाईंनी आम्हाला खसखशीचे डझनभर कोलाचे पाठवले. छान होते.

जूनमध्ये संगणकवाल्यांनी चूक दुरुस्त केली. जास्तीचा दहा आता संगणक आपणच गाळतो, आकडे खरे येतात. मर्यादा मात्र सहीशिक्क्याची, ती शंभरच राहिली. ऑगस्टमध्ये शाळेच्या विहिरीत खरोखरचे ऐंशी मायक्रोग्रॅम निघाले. पाणी उत्तीर्ण. दाखला मीच नळावर चिकटवला.

बाई पुन्हा आल्या. या वेळी आवाज चढला नव्हता.

"डेल, माझी नात पिते रे ते पाणी."

मला लाज वाटली. पण लाजेचा रकाना नाही. मी फाइल पुढे सरकवली. "मर्यादा शंभर, बाई. तुमच्याच अर्जावरून ठरली. कोलाचेही आले होते."

तुम्ही का हसताय? तुमच्या नळाचं पाणी चांगलं आहे म्हणता? कुणी सांगितलं? दाखला आहे?

मग प्या की.